दोनदा सडलेली साल

“काय पाजताय तिला?”

मी अजून दारातच होते. खांद्यावर पिशवी, पायांत चपला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बारकूबाय पाय पसरून बसली होती, तिच्या पायांवर माझी सात महिन्यांची रेवा आणि शेजारी तिचा रोजचा, घरून आणलेला डबा. बारकूबायच्या हातातल्या चमच्यात काहीतरी तांबूस, मळकट होतं. रेवानं ते मिटक्या मारत गिळलं.

“सालीचं पानी,” बारकूबाय मान वर न करता म्हणाली. “तू गेलीस नि पोट चालला तिचा. तीन डाव झाला. आता धरंल.”

चमचा मी तिच्या हातातून ओढून घेतला की तिनंच खाली ठेवला, हे मला आज इतक्या वर्षांनंतरही नक्की सांगता येत नाही. रेवा माझ्या कडेवर आली होती आणि रडत होती, एवढं आठवतं.

“सालीचं पाणी म्हणजे? कसल्या झाडाची साल?”

“झारा…” ती पुढं काहीतरी म्हणणार होती. मी तिला म्हणू दिलं नाही.

तिचा आवाज कानात होता आणि डोळ्यांपुढं मोडीतली एक ओळ होती. अर्ध्या तासापूर्वीच मी ती ओळ वहीत उतरवून घेतली होती. तिच्यातही ‘सालीचे पाणी’ हेच दोन शब्द होते, आणि त्या दोन शब्दांपायी १८८६ साली एक बाई तुरुंगात गेली होती.

आम्ही तेव्हा पेणला राहत होतो. माझ्या नवऱ्याची, कौस्तुभची, नोकरी तिथली म्हणून पुणं सोडून आलो, आणि वर्षभरात रेवा झाली. मी इतिहासात एम. ए. केलेलं, मोडी येत होती, आणि डोक्यात एक पुस्तक होतं: राणीच्या राज्यात कोकणातले गुन्हे कसे घडले आणि नव्यानं उभ्या राहिलेल्या पोलिसांनी ते कसे उलगडले. गावातल्या वाचनालयाला एका वकील घराण्यानं जुने रुमाल दिले होते. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. ते कोणी उघडलेही नव्हते. रोज सकाळी बारकूबाय रेवाला तेल लावून न्हाऊ घालायची, आणि ती झोपली की मी दोन तास वाचनालयात जायची. दोन तासांत चार वेळा फोन करायची. “हाय गो, जित्ती हाय,” बारकूबाय पलीकडून सांगायची.

बारकूबाय साठीची. शेवखारची आगरी. खाडीकाठच्या मिठागरांपलीकडे तिचं गाव. आमच्या कॉलनीतली चार बाळं तिच्या हाताखाली होती.

आणि त्या रुमालात मला सापडला होता फौजदार गोविंद बाळाजी आगटे. घाटावरचा माणूस. त्या काळात अंगठ्याचे ठसे नव्हते, काही नव्हतं. पण हा माणूस विहिरीच्या काठावरच्या ओल्या पावलांवरून चोर लंगडा होता हे सांगायचा. माझ्या पुस्तकाचा तोच नायक होता. पुण्याच्या माझ्या संपादक ओगलेबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “बाकीची प्रकरणं बरी आहेत. पण आगटेंचं ते सुईणीचं प्रकरण आलं पाहिजे. त्यावर पुस्तक उभं राहील.”

ते प्रकरण असं. एका खोताच्या सुनेला मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी गेला. खोताचं भाऊबंदांशी वैर. वारस गेला तर कोणाचं फावणार, हे सगळ्या गावाला ठाऊक. बाळाला हगवण लागली होती आणि सुईण भागी हिनं त्याला काहीतरी पाजलं होतं. आगटे घोड्यावरून गेले. त्यांनी भागीची जबानी घेतली. कारकुनानं ती मोडीत उतरवली: ‘दोनदा सडले सालीचे पाणी दिल्हे. आम्ही समस्त देतो.’ आगटेंनी तिच्या घराची झडती घेतली. माळ्यावर, जाळ्याच्या गुंडाळीखाली, झाडाच्या सालीचे अकरा तुकडे मिळाले. नवरा म्हणाला, जाळ्यासाठी आहेत. आगटेंनी पुढं लिहिलं: ‘ही बतावणी आहे.’ विषाची तपासणी करणाऱ्या मुंबईच्या साहेबाकडं तुकडे गेले, तिकडून उत्तर आलं की वनस्पतीचं विष शरीरात सापडेलच असं नाही. कोर्टातल्या इंग्रजी तर्जुम्यात भागीच्या वाक्याचं ‘कुजलेल्या सालीचा काढा’ झालं. सात वर्षं सक्तमजुरी. तिसऱ्या वर्षी भागी तुरुंगात वारली.

मी हे सगळं भराभर लिहून काढलं होतं. एकाच जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं होतं: ‘दोनदा’ या शब्दावर. एकदा सडलेली साल पुन्हा कशी सडेल? पण कारकून घाईत असेल, म्हणून मी पुढं गेले.

आणि घरी आले, तर माझ्या मुलीच्या तोंडात सालीचं पाणी.

“मला न विचारता झाडपाला पाजलात तुम्ही तिला?”

“झारपाला नाय गो वयनी, ऐक तरी.”

“काही ऐकायचं नाहीये मला. जा तुम्ही.”

“अगो, तिला झोपवून जातंय.”

“आत्ता जा.”

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. डबा तसाच राहिला. मी रेवाला घेऊन तिच्यामागोमाग जिना उतरले. का उतरले? ती खरंच जाते का, हे बघायला. मला प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघायची सवय आहे. खाली फाटकाशी भाजीची गाडी उभी होती आणि भोवती आमच्या कॉलनीतल्या सहा-सात बायका. बारकूबायच्या चेहऱ्याकडं बघून पेंडसे वहिनींनी विचारलं, “काय हो, काय झालं?”

उत्तर मी दिलं. “हिला घरात घेऊ नका. माझ्या पोरीला कसल्या सालीचा काढा पाजला हिनं. विष असतं त्यात.”

विष हा शब्द मला म्हणायचा नव्हता. पण तोंडातून गेला. गाडीवाल्यानं हातातला तराजू खाली ठेवला. बारकूबायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती फाटकाबाहेर गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पेंडसे वहिनी बघत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडं उद्या यायची आहे ती. नातवाला.” आणि जरा थांबून, “नको बाई.”

पुढचा अर्धा तास मी जे केलं ते सांगायला हरकत नाही. डब्यातलं पाणी मी वाटीत काढलं, वाटीवर ताटली ठेवली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वर चिठ्ठी चिकटवली: तारीख, वेळ, ‘बाळाच्या पोटात अंदाजे चार चमचे’. मुद्देमाल. आगटे फौजदारांनी पाठ थोपटली असती. मग डॉक्टर घरतांना फोन करून घरी बोलावलं.

डॉक्टर घरत म्हणजे गावातले मुलांचे डॉक्टर. मोठ्या पोटाचे, हळू बोलणारे. त्यांनी रेवाचं पोट दाबलं, जीभ बघितली, तिच्या टाळूवर हात ठेवला. रेवा त्यांच्या गळ्यातली नळी ओढत होती.

“पोरगी ठणठणीत आहे. जुलाब किती झाले?”

“तीन. म्हणजे बारकूबाय म्हणाली तीन. आल्यापासून एकही नाही. पण डॉक्टर, हे बघा.” मी पिशवी पुढं केली.

त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडं बघितलं. पुन्हा चिठ्ठी वाचली. मग ताटली काढून वाटीत बोट बुडवलं आणि चाटलं.

“डॉक्टर, अहो—”

“मीठ जरा कमी आहे,” ते म्हणाले. “बाकी छान. ही पेज आहे. राता भात असतो ना आमच्याकडचा, त्याचं पाणी. लाल असतं. जुलाबाला मी हेच लिहून देतो, फक्त माझ्या चिठ्ठीवर त्याचं नाव मोठं असतं.”

“पण ती म्हणाली, सालीचं पाणी.”

“हो. साळीचं.” त्यांनी ळ सावकाश म्हटला, जीभ टाळूला लावून, शाळेत शिकवतात तसा. “साळ. म्हणजे भात. आमच्या आगऱ्यांच्या तोंडात ळ नसतो, वहिनी. माझ्या तोंडात तो चौथीच्या बाईंनी छड्या मारून बसवला. माझी आई अजून मला ‘बाल’ म्हणते.”

मी खुर्चीवर बसले. रेवा खाली सरकली, तिला मी पुन्हा वर घेतलं.

“डॉक्टर, एक विचारू? साल दोनदा सडते का?”

“साल एकदाच सडते.” ते हसले. “साळ दोनदा सडतात. सडतात म्हणजे उखळात कांडतात. हातसडीचा तांदूळ माहितीये ना तुम्हाला? तोच. एकदा सडलं की तूस जातं, दुसऱ्यांदा सडलं की कोंडा जातो. तान्ह्या पोराला द्यायचं तर दोनदा सडलेली घ्यायची, कोंडा बाधतो म्हणून. आई सांगायची.”

“आणि घराच्या माळ्यावर झाडाची साल कशाला ठेवतात?”

आता ते माझ्याकडं डॉक्टर पेशंटकडं बघतो तसं बघायला लागले. “ऐनाची असेल. उकळून तिच्यात जाळी बुडवायची, म्हणजे सूत कुजत नाही. नायलॉन यायच्या आधी सगळ्यांच्या घरी असायची. का? कोणाच्या माळ्यावर सापडली?”

“एका सुईणीच्या,” मी म्हटलं.

ते गेल्यावर मी वही उघडली. भागी एक वाक्य बोलली होती. आगरी बोलली होती. घाटावरच्या कारकुनानं ऐकलं ते आपल्या भाषेत इमानदारीनं लिहिलं, मुद्दाम काही बदललं नाही. घाटावरच्या फौजदारानं ते वाचलं, आणि साल शोधायला गेला, आणि त्याला साल मिळाली. कुठंच लबाडी नव्हती. ‘आम्ही समस्त देतो’ असंही ती म्हणाली होती. आगटेंनी त्याखाली रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘अशा आणखी सुइणींचा तपास करावा.’ एकीलाही बोलावून विचारलं नव्हतं, बाई, साल म्हणजे काय.

मीही विचारलं होतं. उत्तराचं पहिलं अक्षर ऐकून थांबले होते.

संध्याकाळपर्यंत पेंडसे वहिनींचा निरोप कॉलनीतल्या दुसऱ्या दोन घरांतही पोचला होता. बारकूबायची चारही घरची कामं गेली. पेंडसे वहिनींकडं मी गेले, तर त्यांनी दारातूनच सांगितलं, “तू म्हणतेस तर पेज असेल. पण आता मनात आलंच ना. आणि शेवखारपर्यंत गेलंय म्हणे. ती मिठागराकडची बाई विष देते म्हणून.”

“मीच म्हटलं होतं ते, वहिनी.”

“हो, पण तू शिकलेली. तू उगाच म्हणशील का?”

ओगलेबाईंना मी त्याच रात्री जेवणाआधी फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

“म्हणजे आगटे चुकले.”

“ऐकण्यात चुकले. बाकी सगळं बरोबर केलं.”

“मग हे प्रकरण आधीपेक्षा चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “फक्त तुम्हाला हे कसं कळलं, ते नका घालू. डॉक्टरांनी सांगितलं एवढं पुरे. तुम्ही स्वतः एका बाईला हाकललंत हे वाचलं की वाचक बाकीच्या पुस्तकावरही विश्वास ठेवणार नाही.”

“बघते,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रेवाला घेऊन मी शेवखारला गेले. रिक्षा बांधापर्यंतच जाते. पुढं मिठागरांतून चालत. बारकूबायचं घर पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं खळं. ती पडवीत बसून सुकट निवडत होती. मला बघून उठली नाही. रेवानं तिच्याकडं हात पसरले, तेव्हा मात्र तिनं सुकटीचे हात पदराला पुसले. पण रेवाला घेतलं नाही.

“बारकूबाय, माझं चुकलं.”

“बस. पानी देऊ?”

“मला कळलं नाही तुम्ही काय म्हणालात ते. मी साल म्हणजे झाडाची समजले.”

“मना ठाऊक हाय तू कय समजलीस. घरतांच्या पोरानं सांगितला.” म्हणजे डॉक्टरांनी. “तं? आता कय?”

मी तिला भागीची गोष्ट सांगितली. सगळी. खोत, फौजदार, माळ्यावरची साल, सात वर्षं. ती सुकट निवडत ऐकत होती. दोनदा सडलेल्या साळीपाशी आले, तेव्हा तिचे हात थांबले.

“तिनं सांगितला व्हता ना पन? दोन डाव सरलेली म्हनून?”

“सांगितलं होतं. लिहिलेलंही आहे.”

“नि तरी नेली.”

“हो.”

“पोरं व्हती तिला?”

“कागदात नाही लिहिलेलं.”

तिनं पुन्हा सुकट निवडायला घेतली. मी घाईनं म्हटलं, “मी हे सगळं पुस्तकात लिहिणार आहे. भागीचं. आणि तुमचंही. माझं कसं चुकलं तेसुद्धा. काही लपवणार नाही.” ओगलेबाईंचं ऐकायचं नाही हे मी चालता चालता बांधावरच ठरवलं होतं, आणि मला त्याचा जरा अभिमानही वाटत होता.

“पुस्तक कंदी येल?”

“पुढच्या वर्षी.”

“नि तवर?” तिनं सूप बाजूला सारलं. “पेंडसे वयनी पुस्तक वाचून मना बोलावंल? बाय, तू पुस्तकात नाय बोललीस. तू फाटकाव बोललीस. भाजीवाल्याच्या म्होरं. जिथं बोललीस तिथं बोल. मंग पुस्तकात कय लिवायचा ते लिव.”

“उद्या बोलते.”

“मी येतंय. माज्या म्होरं बोल.”

त्या दिवशी परत येताना मी वाक्यं जुळवली. पाच-सहा. चांगली होती.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला भाजीची गाडी आली. बायका जमल्या. बारकूबाय फाटकाच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. हातात तिची नेहमीची पिशवी, तेलाची बाटली वर दिसत होती. बायकांनी तिला बघितलं आणि दोडकी निवडण्यात लक्ष घातलं. रेवा माझ्या कडेवर. जुळवलेली वाक्यं एकही आठवेना.

“परवा मी इथं एक बोलले,” मी म्हटलं. “ते खोटं होतं.”

“जाऊ दे गं,” पेंडसे वहिनी म्हणाल्या. “पोरीला बरं आहे ना आता?”

“नाही वहिनी, मला बोलू द्या. बारकूबायनं रेवाला तांदळाची पेज दिली होती. साळीचं पाणी. तिनं मला बरोबर सांगितलं. मी चुकीचं ऐकलं. मग ती सांगत होती तेही ऐकलं नाही. आणि इथं येऊन विष म्हटलं. विष म्हणायला माझ्याकडं काहीही नव्हतं. तिच्या पेजेनंच रेवाचे जुलाब थांबले. डॉक्टर घरतांना विचारा हवं तर.”

“साळीचं?” कोपऱ्यावरच्या घरातली सून म्हणाली. “आमच्याकडंही देतात की.”

“मग परवा बोलली का नाहीस?” तिच्या सासूनं विचारलं.

“परवा हिनं विष म्हटलं ना, आई.”

कोणी हसलं नाही. भाजीवाला म्हणाला, “माझ्या पोराला माझी आई तेच पाजायची,” आणि मिरच्या तोलू लागला. पेंडसे वहिनी पिशवीची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. त्यांच्याकडं बघत मी म्हटलं, “चूक माझी आहे. तिचं काम जायला नको.”

पेंडसे वहिनींनी पिशवी हातात घेतली. फाटकाकडं बघून म्हणाल्या, “बारकूबाय, आज उशीर केलास. पाणी दोनदा तापवून झालं.”

दोन दिवसांपूर्वी त्यांनी तिला नको म्हटलं होतं, मग कसलं पाणी तापवलं असणार? पण बारकूबायनं ते तसंच घेतलं. “येतंय वयनी,” म्हणाली आणि फाटक उघडून आत आली. माझ्याजवळ थांबली. रेवाचा पाय हातात धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला. रेवा खळखळून हसली.

“माझ्याकडं कधी याल?” मी विचारलं. “पेंडशांचं झालं की?”

“तुज्याकरं नाय गो.” ती रागानं बोलली नाही. कोणी भाव सांगावा तशी साधी बोलली. “मी पोर हातात घेतला की मना पाठीवर डोलं नको. तुजं डोलं तिथंच असतील. तू कय करशील त्याला? तुजा सोभाव हाय तो.”

“मी नाही बघणार. वाचनालयात जाईन मी.”

“फोन करशील.” ती किंचित हसली. “तूच लाव तेल. येतंय तुला, मी बघितलंय. मानंखाली हात दे नि कडक दाबू नको. रडली तं सोरू नको, लावत रा. आपोआप गप व्हते.”

मग ती पेंडशांच्या जिन्याकडं गेली. मी गाडीवरून काहीच घेतलं नव्हतं. तशीच उभी राहिले. वर त्यांचा नातू रडत होता, किती वेळचा कोण जाणे. दार उघडल्याचा आवाज आला, बारकूबायचा आवाज आला, ती काय म्हणाली ते मला खालून कळलं नाही, आणि थोड्या वेळानं तो गप्प झाला.